घरोटाची घरघर आणि मनाचा मोकळेपणा
(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या खडकवासल्याला मुठेवर दगडी धरण उभे राहिले ते १८७० ते १८८० या दशकात. त्या कामाचे नकाशे झाले, अहवाल झाले, पैपैचे हिशेब लिहिले गेले. इंग्रज सरकार कागदाचे मोठे भोक्ते! हे काम पुरे होत होते त्याच सुमारास इकडून खूप दूर, खानदेशात, जळगावपासून सुमारे दोन कोसांवरच्या असोदे नावाच्या गावी उखाजी महाजन आणि भीमाई यांच्या पोटी एक मुलगी जन्माला आली. साल १८८०. दिवस नागपंचमीचा होता असे सांगतात. शेतकऱ्याच्या घरी मुलगी झाली याची नोंद कोण ठेवणार? ही मुलगी एकाहत्तर वर्षे जगली, शाळेची पायरी कधी चढली नाही, स्वतःचे नावही तिला लिहिता येत नव्हते. आज महाराष्ट्रात शाळेत गेलेला असा माणूस विरळा, की ज्याला तिच्या चार ओळी तोंडपाठ नाहीत.

ही मुलगी म्हणजे बहिणाबाई चौधरी. येथे एक खुलासा केलेला बरा, कारण परीक्षेत हमखास गोंधळ होतो. मराठीत बहिणाबाई दोन. एक सतराव्या शतकातल्या, तुकोबांना गुरू मानणाऱ्या, शिऊरच्या संत बहिणाबाई. दुसऱ्या या, खानदेशातल्या कुणबाऊ संसाराच्या. पहिल्या देवाशी बोलत होत्या. दुसऱ्या चुलीशी, जात्याशी, बैलाशी, वाऱ्याशी आणि बहुतेक वेळा स्वतःच्या जिवाशी बोलत होत्या.

महाजनांचे घर गावात मानाचे होते. घमा, गना आणि घना असे तीन भाऊ, अहिल्या, सीता आणि तुळसा अशा तीन बहिणी. एवढ्या भरल्या घरात बहिणाबाईंचे बालपण गेले. त्या काळी खेड्यातल्या मुलीचे बालपण म्हणजे काय, हे आमच्यापैकी पुष्कळांना घरातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकून माहीत आहे. शेण गोळा करायचे, पाणी आणायचे, धाकट्यांना कडेवर घ्यायचे आणि यातून वेळ मिळाला तर झोपाळा आणि फुगडी. तेराव्या वर्षी लग्न झाले. जळगावच्या खंडेराव चौधरींचे चिरंजीव नथुजी हे त्यांचे पती. असोदे सुटले आणि जळगावचा चौधरीवाडा आला.

आता या वाड्यातला दिवस डोळ्यांपुढे आणायचा तर जाते डोळ्यांपुढे आणावे लागेल. खानदेशात त्याला घरोट म्हणतात. विजेची गिरणी गावात येण्यापूर्वी घरातल्या बाईचा दिवस पहाटे जात्यापाशी सुरू होई. खालची तळी स्थिर, वरची फिरती, मध्ये लाकडी खुंटा. एका हाताने खुंटा ओढायचा, दुसऱ्या हाताने मूठभर ज्वारी तोंडात सोडायची. कितीतरी वेळ हात थांबवायचा नाही. या कामात एक विलक्षण गोष्ट आहे. हात गुंतलेले असतात, पण तोंड आणि मन मोकळे असते. शिवाय पहाटेची वेळ, घर झोपलेले, आणि दगडाचा आवाज असा की बाईने काय म्हटले ते पलीकडच्या खोलीत नीट कळू नये. दिवसभर जे सासूसमोर, दिरासमोर, नवऱ्यासमोर बोलता येत नाही ते बोलण्याची ही एकच जागा! मराठी बायकांनी शेकडो वर्षे आपले मन येथेच रिकामे केले आहे. जनाबाईंच्या कथेत विठ्ठल दळायला येतो तो उगीच नाही. जात्यापाशी बसलेल्या बाईला ऐकणारा कोणीतरी हवाच असतो.

बहिणाबाई याच परंपरेतल्या. परंतु एक फरक आहे आणि तो फार महत्त्वाचा आहे. ओवी ही सर्वांची असते. आजीने म्हटलेली आई म्हणते, आईने म्हटलेली लेक सासरी नेते. तिच्यात भाऊराया येतो, पंढरपूर येते, सीतेचा वनवास येतो. ओवीत आपले दुःख सांगायचे तरी ते सीतेच्या नावाने सांगायचे अशी रीत. बहिणाबाईंनी ओवीची चाल घेतली, आठ आठ अक्षरांचे चरण घेतले, आणि त्यांत सांगितले ते स्वतःचे. आपले घर, आपले माहेर, आपला नवरा, आपले नशीब. स्वतःच रचायचे, स्वतःच म्हणायचे, आणि ऐकणारे म्हणजे शेतातल्या चार बाया.

माहेर हा त्यांचा आवडता विषय. असोदे ते जळगाव अंतर ते केवढे! पण नव्या सुनेला तेवढेच अंतर ओलांडायला वर्षवर्ष वाट पाहावी लागे. माहेरच्या वाटेवर त्यांचे एक गाणे आहे. वाट तापलेली, पायांना फोड आलेले, तरी पाय थांबायला तयार नाहीत. वाटेत ठेच लागते, तेव्हा तो दगडच तिला सांगतो की बाई, सावकाश जा, मी तुझ्या माहेरच्या वाटेवरचाच आहे. ठेच लावणाऱ्या दगडालाही नात्यात ओढणारी ही बाई! दुसऱ्या एका गाण्यात एक योगी आणि एक सासुरवाशीण यांचा संवाद आहे. ती माहेराचे कौतुक पुरवून पुरवून गाते आहे. योगी विचारतो, माहेर जर एवढे गोड तर मग सासरी कशाला आलीस? यावर ती जे उत्तर देते त्याचा आशय असा की माझ्या लेकीला माहेर मिळावे म्हणून मी सासरी नांदते आहे. योग्याजवळ यावर बोलण्यासारखे काही उरत नाही. आमच्या वर्गात हे गाणे शिकवले तेव्हा मागच्या बाकावरची मुलेसुद्धा गप्प झाली होती.

शेतीची कामे तर त्यांच्या गाण्यांत ओळीने भेटतात. पेरणी, कापणी, रगडणी, उपणणी. खळ्यावर उंच तिवईवर उभे राहून धान्याची पाटी ओतायची तर वारा हवा. वारा पडला की काम अडले. तेव्हा त्या वाऱ्याला हाक मारतात, जशी आपण शेजारच्या मुलाला मारतो. विहिरीवरची मोट चालली आहे, बैल पुढे जातात, मागे येतात. हाकणारा एकटा, पण त्या पाण्यावर किती जिवांचे पोट आहे हे त्यांना दिसते. ओल्या सरपणाने चूल पेटत नाही तर तिच्यावरही गाणे. सुगरण पक्षिणीचा झाडाला टांगलेला खोपा पाहिला तर त्या माणसाला विचारतात की तिला एवढीशी चोच, तुला दोन हात आणि दहा बोटे, मग तुझे काय? हे सर्व कामाच्या घाईत. बैठक मारून, कागद पुढे ओढून सुचलेले यांत काहीच नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत प्लेग खेड्यापाड्यांतून फिरला. लोक घरे सोडून शेतात झोपड्या टाकून राहू लागले, गाव ओस पडले. बहिणाबाईंनी या पिलोकावरही गाणे रचले. खानदेशी जिभेवर प्लेगचे रूप ते असे झाले होते. पण प्लेग त्यांच्या गाण्यातच आला नाही, तो घरातही आला. त्यांना तीन मुले : ओंकार, सोपान आणि काशी. त्यांपैकी ओंकारला प्लेगने कायमचे अपंगत्व दिले.

आणि मग १९१० साल. बहिणाबाईंचे वय तीस. नथुजी गेले.

येथे थोडे थांबले पाहिजे, कारण माझ्या मते बहिणाबाईंचे सगळे मोठेपण या ठिकाणी आहे. सोपान अवघा तीन वर्षांचा. थोरला मुलगा अधू. काशी लहान. एकत्र कुटुंबात नवरा गेलेल्या बाईचे स्थान काय असते ते सांगायला नको. ती घरात असते, पण घर तिचे नसते. कुंकू पुसले, चुडा गेला, मंगळसूत्र गेले. शुभकार्यात पुढे यायचे नाही. मोठ्याने हसायचे नाही, आणि फार दिवस रडायचेही नाही, कारण कामाला माणूस हवे! अशा वेळी बाईने काय करावे? आपल्याकडे दोनच रस्ते मानले गेले. एक, देवाची इच्छा म्हणून गप्प बसावे. दोन, पोथीतल्या एखाद्या सतीच्या दुःखावर आपले दुःख ओतावे.

बहिणाबाईंनी तिसरेच केले. जे झाले त्याकडे त्यांनी सरळ पाहिले आणि ते जसे होते तसे गाण्यात मांडले. त्या गाण्यात त्या आधी म्हणतात की कुंकू होते तोवर त्याच्याआड नशिबाची रेघ दडलेली होती, आता कुंकू गेले आणि ती सगळ्यांना दिसू लागली. केवढे भयंकर वाक्य आहे हे! बाईचे कपाळ म्हणजे लोकांनी वाचायची पाटी झाली. पुढे त्या स्वतःच्या हातांकडे पाहतात. काकणे फुटली, पण मनगटातली धमक काही फुटली नाही. मग दारात आलेल्या ज्योतिषाकडे वळतात आणि त्याला परत पाठवतात. माझे दैव मला कळले आहे, तू पुन्हा माझ्या दारी येऊ नकोस. गावात जोशीबुवाला दारातून परत पाठवणे ही काही साधी गोष्ट नव्हे, आणि तेही एका तरुण विधवेने!

दुसरे एक गाणे आहे ते याहून हळवे. त्यात त्या आपल्या जिवालाच समजावतात. रडून रडून डोळे कोरडे पडले, आता पुरे कर, समोर लेकरे आहेत. पण हे समजावणे कोरडे नाही. दुसऱ्याने उपदेश करावा तसे नाही. रडणारी आणि डोळे पुसणारी एकच बाई आहे, आणि दोघींचा आवाज आपल्याला ऐकू येतो. मला वाटते, खरे बोलणे याचेच नाव. आपण दुःखात असतो तेव्हा एकाच वेळी मोडलेलेही असतो आणि स्वतःला सावरतही असतो. कवी बहुधा यांतले एकच काहीतरी लिहितात.

आपल्याकडे बहिणाबाईंची गाणी फळ्यावर सुविचार म्हणून लिहिली जातात. मनावरचे गाणे, संसारावरचे गाणे, माणुसकीवरचे गाणे. त्यांतल्या दोन ओळी उचलायच्या, खाली नाव लिहायचे, झाला सुविचार! त्यामुळे आपल्या डोळ्यांपुढे एक शहाणी, समाधानी आजीबाई उभी राहते. सगळ्या प्रश्नांची उत्तरे ठाऊक असलेली. मला हे चित्र पटत नाही. संसाराचे चटके आधी बसतात आणि भाकर मग मिळते, हे सांगणारी बाई चटके विसरलेली नाही. मन उभ्या पिकात शिरणाऱ्या ओढाळ गुरासारखे आहे हे तिला कोणत्या पोथीतून कळले? ते गुरू कितीदा हाकलले तरी परत येते, हा रात्ररात्र जागलेल्या माणसाचा अनुभव आहे. सुविचार करताना आपण तिच्या रात्री काढून टाकतो आणि ओळी तेवढ्या ठेवतो.

माझ्या वर्गातल्या काही मैत्रिणी मोबाईलवर परदेशी गायिकांची गाणी ऐकतात. या गायिका म्हणे मोठ्या कंपन्यांच्या नादी न लागता स्वतःच गाणे लिहितात, स्वतःच चाल लावतात, गिटार घेऊन स्वतःच म्हणतात, आणि त्यात प्रेमभंग, एकटेपणा, मनाचे आजारपण, जे असेल ते काहीही न लपवता सांगतात. मैत्रीण म्हणाली, ही गाणी ऐकून रडू येते आणि मग बरे वाटते. मी ती ऐकली. इंग्रजी मला अर्धेच समजले, पण बरे का वाटते ते समजले. मी तिला म्हटले, अगं, अशी एक बाई आपल्याकडेही होऊन गेली. तिच्याजवळ गिटारीऐवजी जाते होते. ती हसली. पण मी थट्टेने म्हटले नव्हते.

बहिणाबाई सदा रडत होत्या असे मात्र कोणी समजू नये. त्यांची नजर मोठी मिस्कील होती. जळगाव हे कापसाच्या व्यापाराचे गाव, रेल्वेचे गाव. तेथे नवी नवी यंत्रे येत होती. गावात छापखाना सुरू झाला तेव्हा त्यांनी त्याच्यावर गाणे केले. त्यातली गंमत अशी, की कोरा कागद अंगावर अक्षरे उमटली की शहाणा होऊन बाहेर पडतो, माणूस मात्र होता तसाच वेडा राहतो! जिला अक्षर ओळखता येत नाही तिने छापलेल्या अक्षराबद्दल हे म्हणावे! मी आमच्या घरातली कॉलेजात आलेली पहिलीच. माझ्या आईला सही करता येते, वाचता येत नाही. घरी माझी पुस्तके पाहून तिच्या डोळ्यांत जो मान असतो तो पाहून मला कधी कधी संकोच वाटतो, आणि अशा वेळी बहिणाबाईंचा तो कागद आठवतो.

ही गाणी आपल्यापर्यंत पोहोचली ती धाकट्या मुलामुळे, सोपानमुळे. सोपान शिकला. शाळेच्या पुस्तकात सत्यवान-सावित्रीची कथा होती, ती त्याने आईला वाचून दाखवली. सकाळी पाहतो तो आईचे त्या कथेवर गाणे तयार! त्या दिवसापासून त्याने आईची गाणी वहीत उतरून घ्यायला सुरुवात केली. त्याचे नात्यातले बंधू पीतांबर चौधरी यांनीही या कामात हात लावला. आई काम करते आहे, गाते आहे, आणि मुलगा बाजूला बसून भराभर लिहितो आहे. लिहिण्याच्या वेगाने आई गाणार नाही आणि गाण्याच्या वेगाने मुलाला लिहिता येणार नाही. पुन्हा म्हण म्हटले तर तेच शब्द पुन्हा येतील याची खात्री काय? या ओढाताणीत किती गाणी निसटली असतील! शेतात, वाटेवर, मुलगा जवळ नसताना रचलेली गाणी तर वाऱ्यावरच गेली. आज हाती आहे तो मोठ्या राशीतला पसाभर दाणा.

हा सोपान पुढे कवी सोपानदेव चौधरी म्हणून प्रसिद्धीस आला. येथे एखाद्याच्या मनात शंका येईल, आणि ती यावीच, की मुलगा स्वतः कवी, मग ही गाणी आईची कशावरून? मुलाने हात फिरवला नसेल कशावरून? मी यावर विचार केला आहे. एक तर सोपानदेवांची स्वतःची कविता वाचली तर ती त्या काळच्या सुशिक्षित मराठी कवितेच्या घाटाची, संस्कृत शब्दांची आणि नेटक्या वृत्तांची आहे. आईच्या गाण्याशी तिचे गोत्र जुळत नाही. दुसरे म्हणजे या गाण्यांतले ज्ञान. ओल्या लाकडाचा धूर, पाटीतून धान्य ओतताना खांद्याला लागणारी कळ, वारा पडल्यावरची तगमग, ही पुस्तके वाचणाऱ्या मुलाची माहिती नव्हे. वहीत उतरताना एखादा शब्द इकडचा तिकडे झालाही असेल. त्याने गाणाऱ्या बाईचा आवाज बदलत नाही.

आणि भाषा! बहिणाबाईंची बोली म्हणजे लेवा समाजाच्या घरांतली खानदेशी बोली, तिला वऱ्हाडीचाही वास आहे. तिच्यात ‘ळ’चा ‘य’ होतो. जळगावचे जयगाव होते, डोळे डोये होतात, शाळेची शाया होते. आम्हा पुण्याकडच्यांना पहिल्यांदा वाचताना अडखळायला होते. पण मोठ्याने म्हटले की सगळे समजते. ही गाणी डोळ्यांनी वाचायची नाहीतच. आमच्यासारख्या खेड्यातून आलेल्या मुलामुलींना वर्गात बोलताना आपली बोली लपवावीशी वाटते. ‘आनि’, ‘पानी’ तोंडातून गेले की पुढच्या बाकावरून हसू येते. मला तर वाटते, बहिणाबाईंना शाळेत घातले असते आणि मास्तरांनी त्यांची भाषा ‘सुधारली’ असती, तर एक बरी कवयित्री झाली असती आणि ही बहिणाबाई गेली असती. अर्थात याचा अर्थ बायकांनी निरक्षर राहावे असा कोणी काढू नये! शिकायचे, आणि जिभेवरची चव घालवायची नाही, एवढेच माझे म्हणणे.

३ डिसेंबर १९५१ रोजी जळगावात बहिणाबाईंचे निधन झाले. त्या दिवशी त्या कवयित्री आहेत हे घराबाहेर कितीजणांना ठाऊक होते? जिवंतपणी त्यांचे पुस्तक निघाले नाही. मुलगा महाराष्ट्रभर काव्यवाचन करीत हिंडत होता, आणि आईच्या गाण्यांची वही घरात होती. याबद्दल सोपानदेवांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. आपल्या आईचे गाणे हे साहित्य असेल, हे आपल्यापैकी किती जणांच्या मनात येते? त्यांच्या हातून निदान लिहून ठेवण्याचे काम तरी झाले.

आई गेल्यानंतर ती वही सोपानदेवांनी आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्रे म्हणजे महाराष्ट्रातले मोठे प्रस्थ. लेखक, नाटककार, संपादक, वक्ते, आणि भल्याभल्यांच्या कवितेची टर उडवणारे ‘झेंडूची फुले’कार. त्यांनी पहिली काही गाणी वाचली आणि ते हरखून गेले. हे धन घरात दडवून ठेवणे हा गुन्हा आहे अशा अर्थाचे ते बोलले, आणि नुसते बोलून थांबले नाहीत. १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले, त्याला अत्र्यांची प्रस्तावना होती. पहिल्या आवृत्तीत गाणी होती अवघी ३५. पुढच्या आवृत्तीत आणखी भर पडली. मर्ढेकरांची नवी कविता पचवण्यात मराठी पंडित गुंतले होते तो हा काळ. यंत्रयुगाची घरघर कवितेत कशी आणावी यावर चर्चा झडत होत्या, आणि जात्याची घरघर कवितेत आणून एक बाई निघूनही गेली होती.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले आणि पाठोपाठ आमच्या खडकवासल्याचीही भिंत गेली. तो दिवस आमच्या भागातली म्हातारी माणसे पुढे कित्येक वर्षे सांगत राहिली. त्याच १९६१ साली अनंत माने यांचा ‘मानिनी’ चित्रपट आला. त्यात बहिणाबाईंची गाणी होती, चाली वसंत पवारांच्या. ती रेडिओवरून घरोघर गेली. पुढे यशवंत देवांच्या चालींवर उत्तरा केळकर यांनी त्यांची गाणी गायली. पाठ्यपुस्तकांतून तर पिढ्यान् पिढ्यांनी त्यांचे धडे गिरवले. २०१८ साली जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. नाव दिले ते चांगलेच झाले.

आता आपल्या भागाबद्दल थोडेसे. जात्यावर गाणाऱ्या बाया फक्त खानदेशात नव्हत्या. हेमा राईरकर आणि त्यांचे फ्रेंच सहकारी गी पॉइटवाँ यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत मुळशी-मावळच्या डोंगरातल्या खेड्यांपासून सुरुवात करून महाराष्ट्रभर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. त्यांत नवऱ्याच्या माराबद्दल, सासूबद्दल, मुलगी झाली म्हणून मिळालेल्या टोमण्यांबद्दल स्वच्छ बोलणाऱ्या बाया आहेत. माझी आजी डोंगरापलीकडच्या गावची. तिच्या ओव्या मी लहानपणी ऐकल्या, तेव्हा जाते कोपऱ्यात उभे करून ठेवलेले होते आणि ती गहू निवडता निवडता गुणगुणत असे. ‘काय म्हणतेस गं?’ असे विचारले की ती गप्प होई. सांगण्यासारखे काही नाही म्हणे. आजी आता नाही. तिच्या ओव्यांपैकी आईला सहा येतात, त्या मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवल्या आहेत. एका ओवीचा दुसरा चरण आईला आठवत नाही.

जुन्या जळगावातल्या चौधरीवाड्यात बहिणाबाईंच्या वापरातल्या वस्तू जपून ठेवल्या आहेत असे वाचले आहे. त्यांत घरातली आणि शेतीतली साधी अवजारे आहेत. आमच्या मराठी विभागाची सहल दरवर्षी अजिंठ्याला जायची ठरते. अजिंठा पुण्याहून जेवढा लांब, त्याच्यापुढे जळगाव आणखी दीड-दोन तास. लेण्यांतली चित्रे हजार-दोन हजार वर्षे तेथेच आहेत, ती काही पळून जात नाहीत. सरांनी या वर्षी गाडी तशीच पुढे घ्यायला सांगावी.